भाचा हौशी गोल्फ जिंकतोय, आता बारावीनंतर 'प्रो' व्हायचं म्हणतो. होऊ द्यावं का?

सुरूबन (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न घरचा आहे. पण घरात चार माणसांची चार मतं झालीत, म्हणून इथे टाकतोय.

बहिणीचा मुलगा, वय सतरा, यंदा बारावी. आमचं गाव रत्नागिरीजवळ. बहीण-मेहुणे नोकरीमुळे खारघरला असतात. तिथलं सिडकोचं गोल्फ कोर्स घरापासून सायकलच्या अंतरावर. उन्हाळी सुट्टीत एका शिबिराला म्हणून गेला तो तिथलाच झाला. ज्युनियर स्पर्धा जिंकतो, मोठ्यांच्या हौशी स्पर्धांतही वरच्या पाच-सातांत असतो. आता एका कोचनी डोक्यात भरवलंय की बारावी झाली की लगेच प्रो हो, थांबलास तर संपलास.

बाबा (म्हणजे त्याचे आजोबा) तर हवेत आहेत. "वेळ पडली तर सड्यावरची कलमं विकू, पण पोराला अडवायचं नाही." बहीण काळजीत, मेहुणे गप्प. आणि मी मामा, म्हणजे सगळे फोन मला.

पोरगा मेहनती आहे हे मी डोळ्यांनी बघितलंय. दिवाळीत आला होता तेव्हा ओहोटी लागली की बॅग उचलून भाट्याच्या किनाऱ्यावर. ओली वाळू अशी घट्ट असते की क्लब चेंडूच्या केसभर आधी टेकला तरी वाळूचं ढेकूळ उडतं नि चेंडू चार हातांवर जाऊन मरतो. तो म्हणतो, कोर्सवरच्या गुबगुबीत गवतात ही चूक लपते, इथे लपत नाही. दुपारी खारा वारा सुटला की मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर उभा राहून चेंडू कंबरेच्या वर जाऊ न देता मारायचा. समोर मावसभावंडं चेंडू गोळा करायला, प्रत्येक चेंडूमागे अर्ध्या कुल्फीचं आश्वासन.

विचारायचं एवढंच: हौशी गटात जिंकणारा मुलगा प्रो झाला की नेमकं बदलतं काय? खेळ तर तोच ना?

---

गजाली

सतरा वर्सांचो पोर, आनि तुमी कलमां इकूक निघालास? आजोबांका सांगा, कलम धरूक धा वर्सां लागतत, इकूक एक सकाळ पुरे. गोल्फातला माका काय कळना नाय, पण धागो वाचतंय.

---

कोलाबाकर

सुरूबन, "खेळ तर तोच ना" इथेच सगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं हौशी गोल्फ खेळलोय, प्रो व्हायच्या वाटेला गेलो नाही. पण गेलेल्यांच्या बॅगा उचलल्यात.

एक, कट. प्रो स्पर्धा चार दिवसांची, बहात्तर होलची. पहिल्या दोन दिवसांनंतर यादी कापतात. आपल्या पीजीटीआयवर (भारतातली प्रो स्पर्धांची मालिका, म्हणजे टूर, २००६ पासून आहे) साधारण वरचे पन्नास आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले पुढे जातात. बाकीचे शुक्रवार-शनिवारच्या आत बॅग भरून घरी. आणि मिळकत? शून्य. प्रवेश फी, रेल्वे-विमान, हॉटेल, कॅडीची (बॅग उचलणाऱ्याची) मजुरी, सगळं आपल्या खिशातून. एका ठोक्याने कट चुकलेल्याला आणि दहा ठोक्यांनी चुकलेल्याला हातात सारखंच.

दोन, वर्षाच्या शेवटी कमाईच्या यादीत वर राहिलात तर पुढच्या वर्षीचं कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा परवाना. नाहीतर पुन्हा क्यू-स्कूल, म्हणजे पात्रता फेरी. नोकरी दरवर्षी नव्याने लागते असं समजा.

तीन, कोर्स तेच असलं तरी ते त्या आठवड्यात तेच नसतं. टी (पहिला ठोका मारायची जागा) मागे नेतात, होल ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) कडेला बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) आडोशाला कापतात, रफ (कडेचं उंच गवत) वाढवतात, ग्रीन काचेसारखी करतात. गोल्फात ठोके कमी तेवढं चांगलं; क्लबात ७० मारणारा तिथे ७५ मारतो आणि त्याला कळतही नाही की आपण वाईट कुठे खेळलो.

आता जस्टिन रोजची गोष्ट सांगतो, कारण तुमचा भाचा सतरा वर्षांचा आहे. १९९८ ची ब्रिटिश ओपन, रॉयल बर्कडेल. रोज सतरा वर्षांचा हौशी. शेवटच्या दिवशी अठराव्या होलला रफमधून मारलेला चेंडू थेट होलमध्ये, संयुक्त चौथा क्रमांक. अख्खं इंग्लंड डोक्यावर घेऊन नाचलं. दुसऱ्याच दिवशी तो प्रो झाला. आणि त्यानंतर ओळीने २१ कट चुकला. एकवीस! पुढे तो २०१३ ची यूएस ओपन जिंकला, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेतलं, ते वेगळं. पण मधल्या काळात त्याच्या घरी काय चाललं असेल याचा विचार आजोबांनी करावा.

---

जांभ्याचाचिरा

कोलाबाकर, माहिती छान, पण घाबरवताय तुम्ही. शुभंकर शर्मा २०१३ ला सोळाव्या वर्षी प्रो झाला. डिसेंबर २०१७ ला जोबर्ग ओपन जिंकला, दोन महिन्यांत मलेशियात मेबँक स्पर्धा, आणि युरोपियन टूरचा २०१८ चा सर्वोत्तम नवोदित. रोरी मॅकलरॉय २००७ ला ब्रिटिश ओपनमध्ये सर्वोत्तम हौशी ठरला आणि दोन महिन्यांत प्रो, अठरा वर्षांचा. लोखंड तापलंय तोवर घाव घालायचा. कोकणी माणूस नेहमी "बघू, पुढच्या वर्षी" म्हणतो, म्हणून आपल्याकडे कुणी पुढे जात नाही.

---

कोलाबाकर

शुभंकरचंच घ्या. २०१३ ते २०१७ च्या अखेरपर्यंत चार-साडेचार वर्षं. तो काळ कुणीतरी पोसला म्हणून पुढचं झालं. मी "होऊ नको" म्हणत नाहीये, "कशाच्या जोरावर" एवढंच विचारतोय.

रोरीशी तुलना कुणाच्याच भाच्याची करू नये :)

---

माजी_सुभेदार

थोडं माझ्या बाजूने. भारतातल्या गोल्फरांची यादी काढून घरं बघा. अनिर्बान लाहिरी (जन्म पुण्याचा) लष्करातल्या डॉक्टरांचा मुलगा. शुभंकर, दीक्षा डागर हीसुद्धा लष्करी घरातली. कारण उघड आहे. छावणी तिथे कोर्स, आणि अधिकाऱ्याच्या मुलाला ते परवडतं. वडिलांची बदली झाली तरी नव्या गावातही कोर्स असतंच.

दुसरं दार कोर्सवर राबणाऱ्यांचं. अली शेर कॅडी होता. १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रो तोच, १९९३ ला पुन्हा जिंकला. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर. पोरगा मेंबरांचं बघून बघून शिकला. २००८ ला इंडियन मास्टर्स, मग २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ इंडियन ओपन. लांब मारण्यात कमी, पण ग्रीनच्या आसपास असा जादूगार की लोक 'चिपपटसिया' म्हणायचे.

तिसरं दार पैशाचं. त्याबद्दल काय बोलायचं.

सुरूबनच्या भाच्याचं घर या तिन्हींत बसत नाही. म्हणून मला तो जास्त आवडला. सरकारी कोर्स आणि सायकल, हे चौथं दार आहे आणि त्यातून आत गेलेले फार नाहीत. मेंबरशिपची रांग लावून वाट बघणाऱ्या क्लबांपेक्षा अशी कोर्सं चार जास्त झाली तर गोल्फ खऱ्या अर्थाने वाढेल.

---

सड्यावरची_फुलं

चौथं दार वगैरे ठीक आहे, पण त्यावरून कुणी उद्या "आमच्या सड्यावर पण करा की गोल्फ कोर्स, पर्यटन येईल" म्हणायच्या आत सांगून ठेवते. नका. जांभ्यात पाणी टिकत नाही. पावसाळ्यात सडा ओसंडून वाहतो नि एप्रिलमध्ये वाडीवर टँकर. गोल्फच्या हिरवळीला रोज गोडं पाणी लागतं, तेही नेमकं मार्च ते मे. शिवाय सडे रिकामे नाहीत. कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पावसाळ्यातली फुलं आहेत. जनावरं चरतात.

---

जांभ्याचाचिरा

मी तेच लिहायला आलो होतो, तुम्ही आधीच दार लावलंत :( पण स्कॉटलंडमध्ये गोल्फ समुद्राकाठच्या वाळूच्या टेकाडांवरच जन्मलं ना? 'लिंक्स' म्हणतात ते. ना शेतीच्या कामाची ना घर बांधायच्या, अशा जमिनीवर. आपल्याकडे तशी पुळण किती पडून आहे.

---

सड्यावरची_फुलं

तिकडे बारा महिने भुरभुर पाऊस पडतो, आपल्याकडे चार महिन्यांत सगळा उरकतो नि उरलेले आठ महिने ऊन. आणि पुळणीवर कासवं अंडी घालतात, वेळासला जाऊन बघा. किनारा नियमन क्षेत्र वगैरे पुढचं. यावर वेगळा धागा काढा, इथे पोराचं बोलूया.

---

चिपळूणची_आई

सुरूबनदादा, मला तुमच्या बहिणीचं दुखणं कळतं. आमची मुलगी बॅडमिंटन खेळायची. एकच विचारते: शिक्षणाचं काय? सतराव्या वर्षी प्रो झालं की कॉलेज सुटलंच समजायचं का? आणि एकदा प्रो झालं की परत हौशी होता येत नाही असं ऐकलंय, खरं का?

---

कोलाबाकर

ताई, दोन्ही महत्त्वाचे प्रश्न.

परत होता येतं. अर्ज करायचा, ठरलेला काळ थांबायचं, मग हौशी दर्जा परत मिळतो. पण मधल्या काळात ना इकडचं ना तिकडचं.

शिक्षण म्हणाल तर आज जगातला सगळ्यात रुळलेला रस्ता अमेरिकन कॉलेजातून जातो. हे नवं नाही. आपला जीव मिल्खा सिंग टेक्सासमधल्या अबिलीन ख्रिश्चनला होता, अमेरिकन कॉलेजांची १९९३ ची डिव्हिजन टूची (दुसऱ्या श्रेणीची) वैयक्तिक स्पर्धा जिंकला, मग प्रो. २००६ ला व्होल्वो चायना ओपन आणि व्होल्वो मास्टर्स. अलीकडचा लुडविग ओबर्ग बघा. टेक्सास टेकमधून जून २०२३ ला बाहेर पडला, कॉलेजच्या क्रमवारीत पहिला म्हणून थेट अमेरिकेतल्या पीजीए टूरचं कार्ड, सप्टेंबरात रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका) खेळला. तोवर एकही मेजर (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी) खेळला नव्हता. पहिली मेजर खेळला ती २०२४ ची मास्टर्स, तिथे दुसरा. रोझ झांग स्टॅनफर्डची, २०२३ ला प्रो म्हणून पहिल्याच स्पर्धेत विजेती. असं त्याआधी १९५१ मध्ये घडलं होतं.

कॉलेजात फी माफ होऊ शकते, कोच मिळतो, दर आठवड्याला तोडीस तोड पोरांशी खेळायला मिळतं, आणि वाईट आठवडा गेला तर जेवण बंद होत नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

---

गजाली

जेवान बंद होयत नाय, ह्या बरा. तर आता कलमां र्‍हवली म्हनायची?

---

जांभ्याचाचिरा

आणि अमेरिकेतून डिग्री घेऊन आल्यावर खेळाची भूक राहील? निक डनलॅपने काय केलं? कॉलेजात असतानाच, हौशी म्हणूनच जानेवारी २०२४ ला पीजीए टूरची स्पर्धा जिंकला. १९९१ च्या फिल मिकेलसननंतर पहिला. विजेत्याचे पंधरा लाख डॉलर मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बेझुडेनहाउटला गेले, कारण हौशी! मग काही दिवसांत कॉलेज सोडून प्रो झालाच ना? पंधरा लाख डॉलर, मंडळी. थांबण्याची किंमत ही असते.

---

कोलाबाकर

डनलॅपची पुढची गोष्टही सांगायला हवी. त्याच वर्षी जुलैत प्रो म्हणून बराकुडा स्पर्धा जिंकला, म्हणजे एकाच मोसमात हौशी म्हणून एक आणि प्रो म्हणून एक. असं आधी कुणी केलं नव्हतं. आणि एप्रिल २०२५ च्या मास्टर्समध्ये पहिल्या दिवशी ९० मारले. नव्वद! क्लबातले काका मारतात तेवढे. दुसऱ्या दिवशी ७१.

मला त्या ९० पेक्षा दुसऱ्या दिवशीचे ७१ जास्त मोठे वाटतात. जगाने बघितलेल्या नव्वदीनंतर सकाळी उठून पुन्हा टीवर उभं राहायचं.

त्यावरून आठवलं. सुरूबन, एक काम करा. भाचा जिंकलेल्या स्पर्धांचं सांगू नका, त्याच्या गेल्या मोसमातल्या सगळ्या फेऱ्यांचे स्कोअर मागवून घ्या. आणि हेही विचारा की जिंकलेल्या स्पर्धांतल्या मॅच प्ले किती नि स्ट्रोक प्ले किती.

---

सुरूबन

काल रात्री बसलो त्याच्याबरोबर व्हिडिओ कॉलवर. वही आहे त्याची, प्रत्येक फेरी लिहिलेली, किती पट (ग्रीनवरचे हलके ठोके) लागले तेसुद्धा. कोलाबाकर, तुम्ही नेमकी जागा दाबलीत. चांगल्या दिवशी ६८-६९ आहेत. पण त्याच्या शेजारी ७७, ७८, एक ८०. एका स्पर्धेत ६९ आणि ७७ लागोपाठच्या दिवशी. ज्या मोठ्या विजयावरून बाबा गावभर पेढे वाटून आले ती मॅच प्ले होती.

मॅच प्ले-स्ट्रोक प्लेचा मुद्दा जरा उलगडाल का? बाबांना वाचून दाखवायचंय.

---

कोलाबाकर

मॅच प्ले म्हणजे कुस्ती. समोर एकच गडी, प्रत्येक होल वेगळा. एका होलला चेंडू पाण्यात, झाडीत, सगळीकडे फिरून आठ लागले तरी गमावला फक्त एक होल. पुढच्या टीवर कोरी पाटी. हौशी गोल्फच्या मोठमोठ्या स्पर्धा, आपली ऑल इंडिया अमॅच्युअर धरून, अशा बाद पद्धतीने ठरतात. अंगात जिगर असलेलं पोर तिथे भारी पडतं.

स्ट्रोक प्लेत ते आठ चार दिवस तुमच्याबरोबर चालतात. प्रो गोल्फ जवळजवळ सगळं स्ट्रोक प्ले. ६९ आणि ७७ म्हणजे १४६. पार ७२ च्या कोर्सवर (म्हणजे एका फेरीला ७२ ठोके अपेक्षित) दोन वर. कट बहुतेक वेळा त्याच्या आसपास किंवा खालीच लागतो. म्हणजे भाचा पहिल्या दिवशी यादीत वर झळकला असता आणि दुसऱ्या संध्याकाळी स्टेशनवर. आणि ७३-७२ असा कंटाळवाणा खेळून एखादा तिशीतला प्रो पुढे गेला असता.

६९ मारता येतात हे सिद्ध झालंय. आता वाईट दिवस ७३-७४ वर अडवता यायला हवा. ते शिकायला प्रो व्हायची गरज नाही, स्ट्रोक प्लेच्या हौशी स्पर्धा आहेत, आयजीयूच्या (इंडियन गोल्फ युनियनच्या) भरपूर असतात. वर्षभर वहीतला मोठा आकडा खाली येतोय का तेवढं बघा. लहान आकडा बघूच नका.

---

माजी_सुभेदार

कोलाबाकर, शंभर टक्के. वही ठेवतो हे वाचूनच पोराबद्दल मत चांगलं झालं.

---

चिपळूणची_आई

पण तोवर खर्च? हौशी राहिला तर बक्षिसाचे पैसे घेता येत नाहीत ना? क्लबांचा नवा सेटच लाखाच्या वर जातो म्हणे.

---

कोलाबाकर

ताई, हे बऱ्याच पालकांना माहीत नाही. जानेवारी २०२२ पासून नियम बदललेत. बक्षिसावर मर्यादा आहे, ७०० पौंड किंवा १००० डॉलर. त्यापुढचं घेतलं की हौशी दर्जा गेला. शिकवण्याचे पैसे घेण्यावरही बंधनं आहेत. पण प्रायोजक घेता येतो! आपलं नाव, फोटो वापरू देऊन पैसे घेता येतात, शर्टावर लोगो लावता येतो. पूर्वी याचसाठी पोरं घाईने प्रो व्हायची. ते कारण आता उरलं नाही. "प्रो झाल्याशिवाय स्पॉन्सर नाही" असं कुणी सांगत असेल तर त्याचा त्यात काय फायदा आहे तेही बघा.

---

सुरूबन

कोचनी नेमकं हेच सांगितलं होतं बहिणीला. शिवाय प्रो झाल्यावर पहिल्या दोन वर्षांच्या कमाईत वाटा, असा कागदही पुढे केला होता. मेहुणे गप्प का होते ते आत्ता कळलं. नाव घेत नाही, पण कागदावर सही होणार नाही.

---

कोयनेपल्याड

उशिरा आलो, सगळं वाचलं. अदिती अशोकचं कुणीच कसं काढलं नाही? तिने डिसेंबर २०१५ ला मोरोक्कोतली महिलांच्या युरोपियन टूरची पात्रता फेरी हौशी म्हणूनच खेळली, जिंकली, कार्ड हातात पडलं आणि नवीन वर्ष लागताच प्रो झाली. आधी दरवाजा उघडून बघितला, मग आत पाऊल टाकलं. अठराव्या वर्षी रिओ ऑलिंपिकला, बॅग वडिलांच्या खांद्यावर. टोकियोला आईच्या. ७ ऑगस्ट २०२१ ची ती शनिवार सकाळ, बोगी नि बर्डीतला फरक न कळणारी आमची अख्खी आळी टीव्हीसमोर होती. एका ठोक्याने कांस्य गेलं. त्याच स्पर्धेत पुण्याचा उदयन मानेही पुरुषांत होता, त्याच्याबद्दल आमच्याकडे कुणी अवाक्षर काढलं नाही, ते जाऊ दे.

सांगायचं ते हे: पात्रता फेरी हौशी म्हणून देता येत असेल तर द्या. प्रत्येक टूरचे नियम त्या त्या वर्षीच्या पत्रकात असतात, फॉर्म भरण्याआधी नीट वाचा.

---

जांभ्याचाचिरा

हे मात्र पटलं. पण माझं एक म्हणणं कायम आहे. वही बघा, नियम बघा, सगळं बघा, पण "कधीतरी बघू" नको. तारीख ठरवा. नाहीतर तिशीत पोरगा आपल्यासारखा इथे धागे वाचत बसेल.

---

सुरूबन

तारीख ठरली. बारावीची परीक्षा, मग वर्षभर स्ट्रोक प्लेच्या हौशी स्पर्धा, अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज समांतर, आणि पुढच्या क्यू-स्कूलला जमलं तर हौशी म्हणून. हे त्यानेच मांडलं, मी फक्त कोलाबाकरांचा प्रतिसाद पाठवला होता. बाबा थोडे हिरमुसलेत. त्यांना पेपरात फोटो हवा होता.

कोलाबाकर, अजून एक. पावसाळ्यात कोर्स चिखल होतं, सराव तुटतो. चार महिने काय करायचं?

---

कोलाबाकर

जाळीत मारणं आहेच, पण खरं काम घरात. सतरंजीवर पटिंग. तीन फुटांचा पट, पेल्याच्या तोंडाएवढी खूण करून, ओळीने पन्नास. एक चुकला की पुन्हा एकपासून. वहीतले ७७ बहुतेक तिथेच कमी होतील. पटांची नोंद ठेवतो म्हणालात ना? त्या ७७ च्या फेरीत पट किती होते ते कळवा.

---

सुरूबन

छत्तीस.

---

कोलाबाकर

मग सतरंजी आजच काढा.